आग हरवलेली टोळी

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेचं नाव आपल्याकडे फार थोड्यांच्या कानावर असेल. तिकडे मात्र आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या तिच्यावर वाढल्या. बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर तिचा पहिला भाग दाखवला गेला तो शनिवार, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास. तारीख ऐकून जाणत्या श्रोत्यांच्या लक्षात आलं असेल. आदल्याच दिवशी अमेरिकेत डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली होती. लोकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यात काही भागांत वीजच गेली होती. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. जन्मतःच असं विघ्न आलेलं पोर पुढे इतकं जगेल, असं त्या दिवशी कुणी पैजेवर सांगितलं नसतं.

ही पहिली कथा पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या चार भागांची आहे. 'अॅन अनअर्थली चाइल्ड' या पहिल्या भागाच्या नावानंच ती ओळखली जाते. 'या जगातली न वाटणारी मुलगी' असा त्याचा साधारण अर्थ. या कथेबद्दल जाणकारांचा शेरा ठरलेला आहे. पहिला भाग अप्रतिम. उरलेले तीन, म्हणजे अश्मयुगातल्या गुहांमधले, कंटाळवाणे. मला मात्र आज त्या बदनाम तीन भागांविषयीच जास्त बोलायचं आहे. पण त्यासाठी आधी हे सगळं जमलं कसं ते सांगायला हवं.

बीबीसीला विज्ञानकथा नवी नव्हती. नायजेल नील यांच्या 'क्वाटरमास' मालिकेनं १९५३ मध्ये प्रेक्षकांना घरात बसून घाबरवलं होतं. १९६१ मध्ये 'ए फॉर अँड्रोमेडा' आली. तिच्या दोन लेखकांपैकी एक होते फ्रेड हॉईल. होय, तेच हॉईल, आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. पण ही मोठ्यांची नाटकं होती. शनिवारी संध्याकाळी क्रीडावृत्त संपे आणि तरुणांचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू होई, त्यामधल्या वेळेत घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावं असं काही नव्हतं. सिडनी न्यूमन नावाचे कॅनडाचे गृहस्थ तेव्हा नाट्यविभागाचे नवे प्रमुख झाले होते. काळातून मागंपुढं जाणारा एक म्हातारा, त्याच्याबरोबर एक मुलगी आणि दोन शिक्षक, ही कल्पना त्यांच्या काळात आकाराला आली. एक शिक्षक विज्ञानाचा, एक शिक्षिका इतिहासाची. म्हणजे भविष्यात गेले की विज्ञान शिकवायचं आणि भूतकाळात गेले की इतिहास! डोळे वटारलेले राक्षस मालिकेत अजिबात नकोत, अशी न्यूमन यांची सक्त ताकीद होती.

मालिका ज्यांच्या हाती सोपवली ती माणसं पाहिली की गंमत वाटते. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, वय सत्तावीस. बीबीसीच्या नाट्यविभागात त्या वेळी निर्माती म्हणून ती एकटीच स्त्री. दिग्दर्शक वारिस हुसेन, वय चोवीस. वारिस यांचा जन्म लखनौचा, १९३८ चा. बालपणाची वर्षं बरीचशी मुंबईत गेली आणि फाळणीच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, कुटुंब इंग्लंडला गेलं. आई अत्तिया हुसेन, म्हणजे 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही अवधच्या तालुकदारी घराण्यांवरची इंग्रजी कादंबरी लिहिणाऱ्या. मुलगा केंब्रिजला शिकला, तिथे नाटकं केली आणि बीबीसीत दिग्दर्शक झाला. टाय-सुटातल्या पन्नाशीच्या साहेबांनी भरलेल्या त्या इमारतीत एक तरुण मुलगी आणि एक तरुण हिंदी मुसलमान. 'तुमचं इंग्रजी छान आहे हो' असं त्यांना किती जणांनी म्हटलं असेल, याचा मला अंदाज आहे. 'तुमचं मराठी छान आहे हो' हे वाक्य माझ्या वाट्याला आजही येतं.

या दोघांना मिळालेला स्टुडिओही असाच उरलासुरला. लंडनच्या शेपर्ड्स बुश भागातला लाइम ग्रोव्हचा 'डी' स्टुडिओ. जुना, अरुंद, आणि दिवे लागले की भट्टीसारखा तापणारा. आग विझवण्यासाठी छताला बसवलेले पाण्याचे फवारे दिव्यांच्या उष्णतेनंच सुरू होत. आठवडाभर तालीम करायची आणि शुक्रवारी संध्याकाळी एका दमात सगळा भाग ध्वनिचित्रमुद्रित करायचा. फीत कापणं खर्चाचं काम, त्यामुळे नट अडखळला तरी पुढं जायचं. प्रत्येक भागासाठी पैसे मिळत ते दोन-अडीच हजार पौंडांच्या घरात, आणि त्यात अवघा भूतकाळ आणि अवघा भविष्यकाळ उभा करायचा.

२७ सप्टेंबर १९६३ ला पहिला भाग मुद्रित झाला. तो फसला. यानाचा दरवाजा नीट बंद होईना, संवाद चालू असताना मागं तो धडधड आपटत राहिला. म्हातारा डॉक्टर नको इतका उर्मट झाला, आणि मुलगी नको इतकी विचित्र. न्यूमन यांनी भाग पाहिला आणि लँबर्ट व हुसेन यांना जेवायला नेलं. तिथे त्यांनी चुकांचा पाढा वाचला, आणि मग सांगितलं की सगळं पुन्हा करा. कामावरून काढून टाकायचं सोडून पुन्हा करायला सांगणारा वरिष्ठ किती जणांना भेटतो? १८ ऑक्टोबरला तोच भाग त्याच नटांनी पुन्हा केला, आणि तोच आपण आज पाहतो. सुदैवानं फसलेली फीतही शिल्लक आहे. दोन्ही लागोपाठ पाहाव्यात. फरक तसा बारीक बारीक गोष्टींचा आहे. म्हाताऱ्याचा स्वर थोडा खाली आला, डोळ्यांत थोडा मिस्कीलपणा आला. आपण एकोणपन्नासाव्या शतकात जन्मलो असं मुलगी आधी आकडा देऊन सांगत होती. तो आकडा काढून टाकला आणि दुसऱ्या काळात, दुसऱ्या जगात, एवढंच ठेवलं. कवितेतून एक नेमका शब्द काढल्यावर तिचा पैस वाढतो, तसं हे झालं.

रेडिओवर बोलताना त्या संगीताविषयी न बोलणं म्हणजे कृतघ्नपणा होईल. शीर्षक-संगीताची चाल रॉन ग्रेनर यांची. पण कागदावरच्या त्या चालीचा आवाज केला तो डेलिया डर्बिशायर या बाईंनी. केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेल्या या बाई बीबीसीच्या 'रेडिओफोनिक वर्कशॉप'मध्ये होत्या. रेडिओच्या नाटकांना नवनवे आवाज पुरवण्यासाठी १९५८ मध्ये ती कार्यशाळा निघाली होती. तेव्हा सिंथेसायझर नव्हता. एक तार छेडायची, ती फितीवर घ्यायची, फीत हळू-जलद फिरवून वेगवेगळे सूर काढायचे, कंपनयंत्राचा आवाज मिसळायचा. मग प्रत्येक सुराचा तुकडा इंचांत मोजून पात्यानं कापायचा आणि चिकटपट्टीनं जोडायचा. सगळी चाल अशी शिवून काढली आहे, गोधडीसारखी. ग्रेनर यांनी ती ऐकली तेव्हा हे मी लिहिलं का, असा त्यांना प्रश्न पडला. बाईंना निम्मं श्रेय द्यायला ते तयार होते, पण बीबीसीचे नियम आडवे आले. नावनिशी श्रेय पडद्यावर झळकलं ते २०१३ मध्ये, बाईंच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. आणि काळयान सुटतानाचा तो प्रसिद्ध घरघराट? ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या जाड तारांवर घराची किल्ली घासून काढलेला आहे.

आता कथा. धुक्यातल्या भंगारवाड्यात पोलिसांची निळी चौकी उभी आहे. एका माणसापुरती, तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर असायची तशी. ती गुणगुणते आहे. जवळच्या शाळेत सुझन नावाची पंधरा वर्षांची मुलगी आहे. तिला विज्ञान शिक्षकांपेक्षा जास्त येतं, पण एका पौंडाचे शिलिंग किती ते येत नाही. ब्रिटनमध्ये दशमान नाणी अजून आली नाहीत हे आपण विसरलो, असं ती सांगते. ब्रिटनमध्ये ती आली १९७१ मध्ये! आपल्याकडचा मॅट्रिकचा विद्यार्थी मात्र १९६३ साली हे पाहून हसला असता, कारण आपले नवे पैसे १९५७ लाच सुरू झाले होते. भविष्यातली म्हणून दाखवलेली गोष्ट आपल्या खिशात खुळखुळत होती.

दोघे शिक्षक कुतूहलानं तिच्या मागं जातात आणि चौकीत घुसतात. आत दिव्यांनी उजळलेलं भलंमोठं दालन. बाहेरून कपाट, आतून महाल. सुझनचा आजोबा, म्हणजे डॉक्टर, या दोघांना बाहेर जाऊ देत नाही. गेले तर बोभाटा करतील. तो यान सुरू करतो. साध्या भाषेत सांगायचं तर हा दोन शिक्षकांना पळवून नेतो. आपल्या लाडक्या नायकाची पहिली कृती अपहरणाची आहे, हे त्याच्या चाहत्यांना आठवून द्यावं लागतं. विल्यम हार्टनेल हे पंचावन्न वर्षांचे नट, सिनेमात खडूस सार्जंट करण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी हा म्हातारा असा केला आहे की त्याचा राग येतो आणि नजर मात्र हटत नाही.

या भागात एक संवाद आहे. यान आतून मोठं कसं, हे शिक्षकांना पटत नाही, तेव्हा डॉक्टर त्यांना अमेरिकेतल्या आदिवासीची आठवण देतो. पहिल्यांदा आगगाडी पाहिल्यावर त्याच्या रानटी मनाला तीही माया वाटली होती, म्हणे. सुधारलेला कोण आणि रानटी कोण, याची ब्रिटिश साम्राज्यानं घासून गुळगुळीत केलेली वाटणी इथे सहज येऊन जाते. पण या वेळी रानटी ठरले आहेत लंडनचे दोन सुशिक्षित शिक्षक. ही खोच लेखक अँथनी कोबर्न यांनी मुद्दाम ठेवली की आपोआप आली, यात मी पडत नाही. पुढचे तीन भाग तिथूनच सुरू होतात, एवढं खरं.

यान उतरतं ते अश्मयुगात. तिथल्या टोळीची आग हरवली आहे. आग करणारा म्हातारा मेला आणि त्यानं आपल्या मुलालाही विद्या शिकवली नाही. मुलगा झा राखेत हात चोळत बसला आहे. आग केली तर तो नायक, नाहीतर बाहेरून आलेला काल हा दुसऱ्या टोळीचा माणूस नायक होणार. कालची टोळी थंडीत मेली आहे. तो शिकार आणतो, मांस वाटतो आणि आश्वासनं देतो. आमच्याकडच्या निवडणुकांची भाषणं ऐकलेल्या माणसाला ही दृश्यं परकी वाटणार नाहीत. इतक्यात काल पाहतो की एक म्हातारा काडी ओढून चिलीम पेटवतो आहे. बोटांतून आग! तो डॉक्टरला उचलून टोळीपुढं आणतो, आणि काड्या तर वाटेत पडलेल्या असतात.

ही संहिता हातात आली तेव्हा आपण खट्टू झालो होतो, हे वारिस हुसेन यांनी पुढे मोकळेपणानं सांगितलं आहे. केंब्रिजहून येऊन करायचं काय, तर कातडी पांघरलेल्या माणसांचं भांडण! खटकणाऱ्या जागा आहेतच. पकडले, सुटले, पुन्हा पकडले, पुन्हा सुटले, असं कथानक घाण्याच्या बैलासारखं फिरतं. जंगल म्हणजे चार फांद्या. वाघासारखं जनावर आवाजापुरतंच. सगळ्यांत वाईट म्हणजे सुझन. पहिल्या भागात शिक्षकांना गप्प करणारी बुद्धिमान मुलगी इथे किंचाळण्यापलीकडे फारसं काही करत नाही.

तरीही या तीन भागांत असं काही आहे, जे चकचकीत पहिल्या भागात नाही. एक म्हातारी आहे, टोळीची. आयलीन वे या नटीनं केलेली. तिला आग नकोच आहे. आग नव्हती तेव्हा बरं होतं, आगीनं वाईटच होईल, असं ती सांगत राहते. रात्री कवट्यांच्या गुहेत येऊन ती बंदिवानांना सोडवते, कशासाठी, तर त्यांनी आग करू नये म्हणून! दयेपोटी नव्हे, भीतीपोटी. काल तिला मारून टाकतो. १९६३ च्या प्रेक्षकाला आगीची ही भीती नुसती गुहेतली वाटली नसणार. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर आलं होतं त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. आणि ऑगस्टमध्येच मॉस्कोत अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करार झाला होता. ती म्हातारी अडाणी आहे, आणि तिचं म्हणणं खोडून काढता येत नाही. अशी पात्रं लिहिणं सोपं नाही.

मग जंगलातला प्रसंग. पाठलाग करणाऱ्या झाला जनावर फाडतं. पळून जायची उत्तम संधी. पण इतिहासाची शिक्षिका बार्बरा थांबते, जखमा धुते, विज्ञानशिक्षक इयानही मदतीला येतो. डॉक्टरला हे पसंत नाही. थोड्या वेळानं तो एक अणकुचीदार दगड उचलतो आणि जखमी माणसाकडे जातो. इयान त्याचा हात धरतो. जमिनीवर यानाच्या वाटेचा नकाशा काढून घ्यायचा होता, असं डॉक्टर सांगतो. आपला विश्वास बसत नाही. इयानचाही बसत नाही. हजारो वर्षं पुढचा माणूस आणि अश्मयुगातला माणूस यांच्या हातात एकच दगड. दिग्दर्शकानं इथे काही ठासून सांगितलं नाही, नुसता हात दाखवला.

मला सगळ्यांत भावते ती भाषेची बाजू. ही माणसं घशातून गुरगुरत नाहीत. लहान, सरळ वाक्यांत बोलतात. सूर्याला ते नुसतं 'गोल' म्हणतात. शत्रूची शुश्रूषा करणाऱ्या बार्बराकडे पाहून टोळीतली हुर गोंधळते. तिच्या ओळखीची एकच उपमा तिच्याकडे आहे, मुलाला सांभाळणाऱ्या आईची. आणि इयाननं आपण मित्र आहोत असं सांगितल्यावर झाला वाटतं की 'मित्र' हे त्या तरुणाचं नाव आहे! पुढे तो टोळीला तसंच सांगतो. शब्दच नसेल तर गोष्ट कशी ओळखायची, हा कवीला आयुष्यभर पुरणारा प्रश्न. शनिवारच्या मुलांच्या वेळेत तो एका वाक्यात येऊन गेला.

शेवटी इयान काठी घासून आग करतो. आग करणारा तू, तेव्हा तुमच्या टोळीचा नायक तूच का, असं झा विचारतो. इयान डॉक्टरकडे बोट दाखवतो, आणि सांगतो की आमच्या टोळीत आग करणारा सगळ्यांत कमी महत्त्वाचा, कारण आग आम्हां सगळ्यांनाच करता येते. हे वाक्य झाच्या डोक्यावरून जातं, जाणारच. त्याच्या बापानं ती विद्या मरेपर्यंत मुठीत ठेवली. खास चीज शिष्याला अखेरपर्यंत न देणारे उस्ताद आपल्याकडेही होऊन गेले, आणि त्या चिजा त्यांच्याबरोबर गेल्या. झा आग हातात आल्याबरोबर पहिलं काम काय करतो? ज्यांनी ती दिली त्यांना गुहेत कोंडतो.

हा चौथा भाग १४ डिसेंबर १९६३ चा. दोनच दिवस आधी, १२ डिसेंबरला, केनिया ब्रिटनपासून स्वतंत्र झाला होता. रानटी टोळीला आग देणारा गोरा मास्तर पडद्यावर होता आणि साम्राज्य घडीनं उतरत होतं. आणि ते दृश्य बसवणारा दिग्दर्शक, त्या साम्राज्यानं सोडलेल्या देशातून आलेला. हुसेन यांनी टोळीची कुठेही टर उडवलेली नाही. झा, काल, हुर यांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा तितकाच रेंगाळतो जितका लंडनच्या मंडळींवर. तिन्ही भागांतली माझ्या मते सर्वांत मोठी कमाई हीच आहे. घरंगळणाऱ्या कथानकाला ती सावरून धरते.

प्रेक्षकसंख्या चव्वेचाळीस लाखांवरून साठेक लाखांवर गेली, पण मालिका तरली ती पुढच्या कथेतल्या धातूच्या कवचातल्या डेलेक या क्रूर जिवांमुळे. म्हणजे न्यूमन यांना नको असलेल्या राक्षसांमुळेच! हुसेन यांनी १९६४ मध्ये मार्को पोलोवर सात भागांची कथा केली, त्यातले सहा भाग स्वतः दिग्दर्शित केले. फिती पुन्हा वापरण्याच्या आणि जागा मोकळी करण्याच्या धोरणात त्या गेल्या, ध्वनी तेवढा राहिला. पुढे 'एडवर्ड अँड मिसेस सिम्पसन' या १९७८ च्या मालिकेत हुसेन आणि लँबर्ट यांची नावं पुन्हा एकत्र आली. फिरदौस कांगा यांच्या कादंबरीवरून त्यांनी १९९७ मध्ये 'सिक्स्थ हॅपिनेस' केला, तो मुंबईच्या पारशी घरातला. लँबर्ट २२ नोव्हेंबर २००७ ला वारल्या, मालिकेच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आणि साठाव्या वाढदिवसाला, २०२३ मध्ये, बीबीसीनं जुने आठशेहून अधिक भाग प्रेक्षकांना इंटरनेटवर खुले केले, तेव्हा त्यात हे पहिले चार भाग नव्हते. लेखकाच्या वारसांशी हक्कांचा वाद होता. आग पुन्हा एकदा मुठीत.

चौथ्या भागाचा शेवट असा. पेटत्या मशालींवर कवट्या लावून, टोळीला घाबरवून, चौघं निसटतात आणि यानात शिरतात. यान कुठेतरी उतरतं. बाहेर पांढरं, मेलेलं रान. सुझन किरणोत्साराच्या तबकडीकडे पाहते. काटा जागच्या जागी, धोका नाही. सगळे तयारीला आत जातात. दालन रिकामं होतं आणि मग काटा हलतो, चढतो, धोक्याच्या खुणेवर जाऊन थांबतो. तो पाहायला तिथे कुणी नसतं, घराघरांतल्या प्रेक्षकांखेरीज.